फरशीवरचा ओला डाग

डाग पुरता गोल नव्हता. मंजुषाने वीत लावून पाहिली. पूर्व-पश्चिम तो बरोबर वीतभर होता. दक्षिणेच्या अंगाला मात्र चार बोटं पुढे गेला होता, आणि त्या टोकाशी काजळीची एक बारीक रेघ होती, पिसाच्या टोकासारखी. शहाबादी फरशी तेल पिते. पिऊन उरलेलं तेल हवेने हळूहळू घट्ट होतं, चिकट होतं, मग त्यावर धूळ बसते. बारावीच्या मुलांना वर्षानुवर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे कोणी सांगायला नको. श्रावणापासून कुलूपबंद असलेल्या घरातला तेलाचा डाग आता, माघात, कोरडा आणि काळपट असायला हवा. हा कडेने तसाच होता. मधे मात्र चकाकत होता.

तिने बोट टेकवलं. बोट ओलं झालं.

"मंजू, गाडी आरामात बसते गं अंगणात!" श्रेयस बाहेरून ओरडला. तो पावलं टाकत जागा मोजत होता. "तुझी स्कूटीसुद्धा मावते!"

तिने बोट रुमालाला पुसलं, रुमालाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि "हो का?" म्हणाली. सांगायचं होतं ते तेव्हाच राहिलं, आणि एकदा राहिलं की अशी गोष्ट पुन्हा काढायला निमित्त सापडत नाही.

डाग कशाचा, ते तिला ठाऊक होतं. माणूस जिथे शेवटचा श्वास घेतं, तिथे दहा दिवस दिवा ठेवतात. या घराच्या मालकीणबाई, लीलाबाई, याच खोलीत गेल्या होत्या. त्यांची मुलगी दामिनी हिने ते पहिल्याच भेटीत, चहा यायच्याही आधी सांगून टाकलं होतं. दामिनी अकोल्याला राहायची, एकुलती एक. "लपवून काय करायचं, मॅडम? गल्लीत पाय ठेवला की कोणीतरी सांगेलच तुम्हाला. आई गेली तेव्हा पंचक लागलं होतं. गुरुजी म्हणाले, सहा महिने घर सोडा. मग तेरावं केलं नि कुलूप लावलं. आमच्यापैकी कोणी उंबरा ओलांडला नाही तेव्हापासून. मुदत आता संपत आलीये, पण मला तिथे जाऊन राहायचं नाही. ही चावी. एकच आहे, तेवढी जपा."

चावी एकच होती आणि ती मंजुषाच्या पर्समध्ये होती. मग तेल कोणी घातलं?

घर हवं होतं ते तिच्या आईसाठी. ताराबाई अकोल्याला जठारपेठेत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढलेली बाई, कोणाच्या हाताखाली राहायची सवय नाही. दिवाळी सरल्यावर एका दुपारी त्या न्हाणीघरात पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला आदल्या संध्याकाळची पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसली, तेव्हा त्याने शेजाऱ्यांना हाक मारली. तोवर त्या तिथेच होत्या. शेजारी रात्रभर घरातच होते. भिंतीपलीकडे टीव्ही चालू होता. "अख्खी मालिका ऐकली मी," दवाखान्यात ताराबाई म्हणाल्या. "त्यातली सून फार वाईट आहे." सगळे हसले. मंजुषाला हसू आलं नाही. त्या संध्याकाळी तिने फोन केला होता, आईने उचलला नव्हता, आणि गेली असेल कीर्तनाला, असं म्हणून ती पोळ्या लाटायला लागली होती.

खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टरांनी सांगितलं, जिना विसरा. राजापेठेतलं मंजुषाचं भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. अकोल्याला एक बाई दिवसभर ठेवली होती, पण संध्याकाळी ती निघाली की पुढची सगळी रात्र मंजुषाला अमरावतीत जागी काढावी लागे. तेव्हापासून घरं बघणं सुरू झालं. एक घर तळमजल्यावर होतं, पण न्हाणीघर मागे अंगणात. दुसऱ्याच्या दारातून वॉकर जाईना. तिसरं सगळ्या बाबतींत ठीक होतं नि आवाक्याबाहेर होतं. आणि मग हे. राजापेठेच्या पलीकडे शांत गल्लीत, बैठं, पुढच्या खोलीला लागूनच न्हाणीघर, रस्त्याकडे मोठी काचेची खिडकी, परसात कढीपत्त्याचं झाड. मंजुषाला कागदावर काढायला सांगितलं असतं तर तिने हेच काढलं असतं. आणि भावही असा, की दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"भाव का उतरलाय ते उघड आहे," श्रेयस म्हणाला. तो दिवाणी कोर्टात वकिली करायचा आणि घरीही तशीच करायचा. "कागद मी बघितले, एकदम साफ. मालमत्ता पत्रकावर भुताचं नाव चढत नाही, मंजू."

"मी कुठे भुताचं म्हणतेय?"

"मग अडलंय कशाला?"

"आई," त्यांची नववीतली इशिता मधेच म्हणाली, "तू कॉलेजात त्या सांगाड्याशेजारी बसून डबा खातेस ना?"

"तो सांगाडा जीवशास्त्रवाल्यांचा आहे."

"मेलेला तर आहे!"

अडलं होतं ते असं कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. भुताखेतावर मंजुषाचा विश्वास नव्हता. पण घरातली सगळ्यांत चांगली खोली तीच होती, न्हाणीघराजवळची, उजेडाची, आणि ती आईलाच द्यायची होती. ज्या फरशीवर एका म्हातारीचा दिवा जळला, त्याच फरशीवर दुसऱ्या म्हातारीचा पलंग लावायचा. आई राहायला येईल, एक वर्ष, पाच वर्षं, दहा वर्षं, आणि मग एक दिवस तिथेच... यापुढे तिचा विचार जात नसे. ओल्या बोटाची आठवण तेवढी येत राही.

दामिनीचा फोन आला की ती म्हणे, "कळवते."

*

पुढच्या खेपेस ती एकटीच गेली, कॉलेज सुटल्यावर. पर्समधून जुनं फडकं काढून डाग घासून कोरडा केला. मग प्रयोगशाळेतून आणलेला एक गोल गाळणकागद त्यावर ठेवला आणि तो हलू नये म्हणून कडेला खडूचे दोन तुकडे ठेवले. खिडकीच्या कड्या आतून घातलेल्या होत्या. मागचं दार ढकलून पाहिलं, त्याला बाहेरून कुलूप होतं. हे सगळं करताना तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली. पण न तपासता घाबरण्यापेक्षा तपासून घाबरलेलं बरं, असा तिचा स्वभाव होता.

निघताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ती उगाच काड्यापेटी घ्यायला थांबली. दुकानदार मोतीराम तिच्याकडे बघून म्हणाला, "ते बंद घर पाहून राहिले का मॅडम तुमी?"

"हो. का?"

"काही नाई. पाहा बाप्पा. आपन कोनाच्या मधात पडत नाई. फक्त सांजच्याले खिडकीत उजेड दिसते म्हनते लोक. बाईले सवय होती ना, सांज झाली की दिवा. सवय का सुटते लवकर?"

"तुम्ही स्वतः पाहिलाय उजेड?"

"म्या?" मोतीरामने काड्यापेटी तिच्या हातात ठेवली. "म्या कायले पाहू? त्या टायमाले मी तिकडं पाहतच नाई."

ती आणखी कोणाला विचारती, पण समोर फक्त पिठाची गिरणी होती, आणि गिरणीच्या घरघरीत कोणाशी काही बोलणं शक्य नव्हतं.

दोन दिवसांनी ती परत गेली. पुढचं कुलूप जसंच्या तसं होतं. खिडकीच्या कड्या घातलेल्या. मागचं दार बंद. गाळणकागदही जागच्या जागी होता. पण खडूचे तुकडे कोणीतरी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी नीट ठेवले होते. आणि कागदाच्या मधोमध एक गोल वळ होता, पितळी दिव्याच्या बुडाएवढा. त्याभोवती कागद तेलाने पारदर्शक झाला होता. दक्षिणेच्या कडेला काजळीची बारीक रेघ.

मंजुषा खाली बसली नाही. कागद उचललाही नाही. ती पाठ न वळवता दारापर्यंत आली, बाहेर पडली, कुलूप लावलं आणि लागलं की नाही ते तीनदा ओढून पाहिलं. स्कूटीवर बसल्यावर तिच्या लक्षात आलं की हेल्मेट आतच राहिलंय. ते तिने तिथेच राहू दिलं.

घरी आल्यावर श्रेयस म्हणाला, "दामिनीबाईंचा फोन होता मला. कोणीतरी घर पाडून दुकानाचे गाळे काढायला तयार झालाय. रविवारी इसाराचे पैसे घेऊन येतो म्हणतोय. त्या म्हणाल्या, मला आईचं घर पाडायला द्यायचं नाही, पण मॅडम काही बोलतच नाहीत. काय सांगू?"

"कळवते म्हणावं."

"मंजू, मी हे घर घे म्हणत नाही नि नको म्हणत नाही. आई तुझी आहे. तू म्हणशील ते. पण काहीतरी म्हण."

*

शनिवारी सकाळी ती अकोल्याला गेली. ताराबाई खिडकीशी बसून तूर निवडत होत्या. मांडीवर ताट, शेजारी वॉकर.

"तुझं काहीतरी अडलंय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "लहानपणी पेपर वाईट गेला की अशीच दारात उभी राहायचीस, वेणी चावत."

"घराचं चाललंय गं. अजून ठरत नाही."

"ज्याला राहायचं त्याने पाहिलं का ते घर?"

"तुला एवढा प्रवास..."

"मूर्तिजापुरावरून तर जायचं आहे. काशीला थोडंच नेऊन राहिली तू मला? श्रेयसरावांना म्हणावं, गाडी काढा."

श्रेयसने गाडी आणली. मागच्या सीटवर पाय लांब करून ताराबाई बसल्या. शेजारी मंजुषा. वाटेत आई बदललेल्या दुकानांविषयी, मेलेल्या ओळखीच्यांविषयी बोलत होती आणि मंजुषा एकच गोष्ट घोळवत होती: सांगायचं की नाही. सांगितलं तर आई कदाचित नाही म्हणेल, आणि मग पुन्हा तो दुसरा मजला, तो बंद दरवाजा. नाही सांगितलं, तर आई त्या खोलीत झोपेल आणि आपण रोज रात्री दारातून बघत राहू. मूर्तिजापूर आलं, गेलं. बडनेऱ्याच्या पुलापाशी आल्यावरही तिने काही सांगितलं नव्हतं.

घरात शिरताना तिनेच पुढे होऊन खोली उघडली आणि गाडीतली सतरंजी त्या डागावर अंथरली, गाळणकागदासकट. श्रेयसने घडीची खुर्ची मांडून दिली आणि इशिताला शिकवणीहून आणायला तो राजापेठेत गेला. उन्हं उतरली होती. खिडकीतून पिवळा उजेड फरशीवर आडवा पडला होता.

ताराबाईंनी न्हाणीघर पाहिलं, धरायचा कठडा हलवून पाहिला, नळ सोडून पाहिला. "पाणी जोरात आहे." मग वॉकर टेकत खोलीच्या मधे आल्या. "ही सतरंजी काहून टाकली इथं? पायात येते माझ्या. काढ."

"राहू दे ना."

"मंजू, काढ."

मंजुषाने सतरंजी काढली. सतरंजीबरोबर कागदही सरकला. ताराबाई खाली बघत राहिल्या. नवऱ्याच्या वेळी त्यांच्याही घरात असा दिवा ठेवला होता, त्यांना ओळख पटवून द्यावी लागली नाही.

"कोण गेलं इथं?"

"घरमालकीणबाई. त्या दामिनीची आई. श्रावणात."

"हं." त्या खुर्चीत टेकल्या. "आणि ही खोली माझी होणार."

"अजून काही ठरलं नाही. कळवते म्हणून सांगितलंय त्यांना."

"किती दिवसांपासून कळवून राहिली तू?"

मंजुषा सतरंजीची घडी घालू लागली.

"भूतबित मानायला लागली का?"

"नाही गं. भुताची भीती नाही मला."

"मग?"

"तुला या खोलीत आणलं, आणि मग समजा..." ते वाक्य तिला पुरं करता आलं नाही.

"आणि मग मी इथंच मेले तर," ताराबाईंनी ते पुरं केलं, वर्गात अडलेल्या पोराचं वाक्य पुरं करावं तसं. "असंच ना? अगं, मग तू काय अशी खोली शोधून राहिली, जिथं मी मरणारच नाही? सापडली तर सांग हो. आजच जाते. सामानबिमान काही नको मला."

"आई!"

"काय आई? कुठेतरी तर पलंग लावशील. जिथं लावशील तिथंच मरेन एक दिवस. त्या न्हाणीघरात, ओल्या फरशीवर पडल्या पडल्या मरायचं नाही, एवढंच माझं मागणं आहे."

मंजुषाने खिडकीकडे तोंड केलं. ती म्हणाली, "अजून एक आहे." आणि मग तिने सगळं सांगितलं. ओलं बोट, पुसलेला डाग, गाळणकागद, खिडकीच्या कट्ट्यावर मांडून ठेवलेले खडू, एकच चावी. सांगताना ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती, आई हसेल म्हणून. ताराबाई हसल्या नाहीत. त्या वाकून कागदावरची काजळी बघत होत्या.

"दिवा दक्षिणेला आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हणजे?"

"वातीचं तोंड दक्षिणेकडे. असा फक्त मेलेल्याचाच ठेवतात, दहा दिवस. त्यानंतर कोणी शहाणं माणूस घरात दक्षिणेला दिवा लावत नाही. हे काही बरं नाही, मंजू."

ही एक गोष्ट मंजुषाने धरलीच नव्हती, की आईही घाबरेल. आता खोलीत दोघी होत्या आणि दोघींपैकी कोणीच धीर देणारं नव्हतं. बाहेर गिरणीची घरघर चालू होती. ती एकाएकी थांबली, आणि एवढ्या शांततेत खिडकीच्या काचेची थरथरही ऐकू येईल असं वाटलं. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढून विझला.

मागच्या दाराची साखळी वाजली.

कुलूप निघाल्याचा आवाज. मग पावलं, अनवाणी, न अडखळता येणारी, अंधारातही वाट पाठ असलेली. मंजुषा झटकन आईच्या खुर्चीसमोर उभी राहिली. हाताला वॉकर लागला तोच तिने पुढे धरला. दारात एक बाई उभी राहिली. तिचे केस पांढरे, भुवया पांढऱ्या, गाल पांढरे, लुगडं पांढरं, आणि हातात विझलेला पितळी दिवा.

"आगं माय वं!" ती पांढरी बाईच आधी किंचाळली आणि तेलाची बाटली तिच्या हातून सुटता सुटता राहिली. "कोन हाय वं इथं?"

"तुम्ही कोण?" मंजुषाचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"मी कोन? मी वच्छला! समोरची! पिठाची गिरनी नाई का?" तिने पदराने तोंड पुसलं तसं पिठाखालून सावळा, घामेजलेला चेहरा निघाला. "जीव गेल्ता ना माहा आता! कुलुपाच्या घरात बसून राहिल्या तुमी अंधारात!"

"आम्ही घर बघायला आलोय. पण तुम्ही आत कशा? चावी तर एकच आहे."

"ती पुढच्या दाराची. मागची लीलाबाईनं मले कवाच देऊन ठेवल्ती. पोरीले ठावं नसंल. दिवा लावाले येतो मी रोज."

"तुम्ही लावता?"

"मंग कोन लावंल? घरच्याले सोडायचं होतं घर, पंचकाचं. मी का घरची हाय? मले कोनतं पंचक?" वच्छलाबाई आता सावरल्या होत्या. "आनि हा गोल कागद तुमीच ठेवला का? चांगला हाय. फरशी खराब नाई होत."

ताराबाईंनी इतका वेळ दाबून धरलेला श्वास सोडला आणि मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. "अहो बाई, दिवा लावता ते ठीक. पण वात कुठे करता तुम्ही?"

"कुठं म्हंजे? होती तिकडंच. तेराव्याले सारे गेले तवा दिवा इथंच होता, असाच. म्या म्हटलं, जसा ठेवला तसाच लावत जाव. आपल्या मनानं काहून बदलवा?"

"तो दहाव्याचा दिवा हो! तो तेवढ्यापुरताच असतो, गेलेला जीव वाटेला लागेपर्यंत. सहा महिने रोज दक्षिणेला दिवा दाखवताय तुम्ही त्या बाईला! तिला जाऊ तरी द्या!"

वच्छलाबाई मटकन खाली बसल्या. दिवा त्यांच्या मांडीत होता. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मंग माह्यापायी अटकून राहिली का हो ती?"

ताराबाई ओशाळल्या. "नाही हो. तसं काही नसतं. फार तर थोडा उशीर झाला असेल. तुमच्याशी गप्पा मारत बसली असेल."

"बोलतो ना मी रोज," वच्छलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. गालावरचं पीठ ओलं होऊन त्याची कणीक झाली. "आज हे दळलं, आज ते दळलं. सांगतो तिले."

"गल्लीतले लोक म्हणतात, खिडकीत उजेड दिसतो," मंजुषा म्हणाली. "घाबरतात."

"दिसंलच ना! लावतो तर दिसंल नाई का? मले कोनी येऊन विचारलं का पन? त्या मोतीरामले तर सारं जग सोडून तेवढंच नाई दिसत."

मंजुषाला हसू फुटलं आणि ते लांबलं. आठवडाभराचं साठलेलं सगळं त्यात निघून चाललं होतं. तरी एक प्रश्न उरला होता आणि तो विचारल्याशिवाय तिला राहवेना. ती वच्छलाबाईंसमोर फरशीवर बसली.

"त्या गेल्या, तेव्हा कोण होतं त्यांच्याजवळ?"

"जाताना कोनी नाई. दुपारची झोपली ते झोपलीच. पन ही खिडकी हाय ना, गिरनीतून सिधी दिसते. रोज सांजी बाईचा दिवा लागला की मी समजो, टाइम झाला, गिरनी बंद करा. त्या दिवशी दिवाच नाई लागला. एकीचे गहू गिरनीत टाकले होते, अर्धे दळून झाले होते. तसेच सोडून पयत आली मी. हात धरला तर मऊ होता तिचा, जरासा गरमच." त्यांनी नाक ओढलं. "ती गहूवाली भांडली मंग माह्याशी. पीठ जाडं पडलं म्हने."

"लगेच आलात?" ताराबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज वेगळाच लागला होता.

"मंग? दिवा नाई दिसला तर थांबून काय कराव? तवापासून ती खिडकी अंधारी पाहवत नाई मले. काळजात धस्स होते. म्हनून लावून राहिली."

मंजुषाला अकोल्याची ती भिंत आठवली, भिंतीपलीकडचा टीव्ही, दाराला लटकलेली पिशवी. मग तिने त्या मोठ्या काचेच्या खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडे गिरणीचं दार सताड उघडं होतं, आणि आतल्या बल्बच्या उजेडात उडालेलं पीठ अजून खाली बसत होतं.

"इकडे द्या तो दिवा," ताराबाई म्हणाल्या. "हा आता तिचा नाही, घराचा." वच्छलाबाईंनी तेल घातलं. ताराबाईंनी वात सारखी केली, मंजुषाकडून काड्यापेटी घेतली, तीच मोतीरामच्या दुकानातली, आणि दिवा लावून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, वातीचं तोंड पूर्वेला करून. ते करायला त्यांना उठावं लागलं. वच्छलाबाईंनी न सांगता त्यांच्या कोपराला आधार दिला.

"ही घ्या बाप्पा तुमची चावी," मग वच्छलाबाई म्हणाल्या, आणि कमरेची चावी सोडून मंजुषापुढे धरली. "परक्या घरात शिरतो म्हनून कोनी नाव नको ठेवाले."

त्याच वेळी फोन वाजला. दामिनी. मंजुषाने वच्छलाबाईंची पिठाळलेली बोटं त्या चावीवर मिटवली, तशीच धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"मॅडम, माफ करा, पुन्हा पुन्हा त्रास देते," दामिनी घाईत होती. "पण तो गाळेवाला उद्या सकाळीच येतो म्हणतोय. त्याला काय सांगू? तुम्ही नंतर कळवते म्हणू नका, एवढी विनंती आहे."

मंजुषाने आईकडे पाहिलं. ताराबाई दिव्याकडे बघत होत्या. लेकीची नजर जाणवली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"दामिनीताई, त्यांना नको म्हणून सांगा," मंजुषा म्हणाली, तिघींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "घर आम्ही घेतो. पुढच्या खोलीत माझी आई राहील."